विश्लेषण : माणिक लाल, पाचू हिरवा आणि सातिवलीच्या गाळ्यात दोन्ही! क्रोमियमचा रंग ठरतो कसा?

अंगठीतले माणिक आणि टूलरूममधले गुलाबी ग्राइंडिंग व्हील यांचे रसायन जवळपास एकच आहे. मग माणकाचा लाल रंग येतो कुठून? आरपार आलेला प्रकाश 'वाचून' खरे माणिक ओळखता येते का? आणि दुकानात 'टॉर्च मारून बघा, कसे चमकते' असे सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवावा का?

गाळ्यातले माणिक

वसई रोड स्थानक आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यातली गोखिवरे, वालीव, सातिवली ही नावे आता गावांपेक्षा औद्योगिक गाळ्यांसाठी जास्त ओळखली जातात. डाय-मोल्ड बनवणारे, पत्रा कापणारे, स्टीलला पॉलिश मारणारे असे लहान-मोठे कारखाने इथे भिंतीला भिंत लावून उभे आहेत. अशा एखाद्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर दोन प्रकारची चाके हमखास दिसतात. एक पांढरे, दुसरे गुलाबी.

पांढऱ्या चाकाचे दाणे म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. हेच द्रव्य निसर्गात स्फटिकरूपात सापडते, तेव्हा त्याला कुरुंद म्हणतात. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडूनच गेला. त्याची मुळे तमिळमधल्या 'कुरुंदम' आणि संस्कृतातल्या 'कुरुविंद' या शब्दांत आहेत. धार लावायला कुरुंदाचा दगड वापरण्याची पद्धत जुनी आहे, कारण हिऱ्याखालोखाल कठीण अशा मोजक्या नैसर्गिक खनिजांत त्याची गणना होते. महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यात तो सापडतो, पण रत्न म्हणून नव्हे, उद्योगाचा कच्चा माल म्हणून.

गुलाबी चाकाचे दाणेही ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच. फरक एवढाच, की ते वितळवताना त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी क्रोमियम ऑक्साइड मिसळलेले असते. कुरुंदात थोडे क्रोमियम, ही तर माणकाचीच व्याख्या! अर्थात चाकातले दाणे बारीक, अपारदर्शक आणि सदोष असतात. त्यामुळे कोणी ते अंगठीत बसवत नाही.

आता शेजारच्या पॉलिशच्या गाळ्यात डोकावू. स्टीलच्या नळाला किंवा भांड्याला आरशासारखी चकाकी आणण्यासाठी बफवर जी हिरवी वडी घासतात, तिच्यातही क्रोमियम ऑक्साइड असते. तिचा हिरवा रंग त्याचाच. ज्या स्टीलला ती घासली जाते, त्या ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असते आणि ते मात्र चांदीसारखे पांढरे. म्हणजे शे-दोनशे फुटांच्या परिसरात एकच मूलद्रव्य गुलाबी, हिरवे आणि रुपेरी अशा तीन रूपांत काम करत असते. 'क्रोमा' या ग्रीक शब्दाचा अर्थच रंग. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी १७९७ मध्ये हे मूलद्रव्य शोधले आणि त्याच्या संयुगांचे रंग पाहूनच ते नाव पडले. पाचूचा हिरवा रंग क्रोमियममुळे असल्याचेही त्यांनीच दाखवले.

(कार्बाइडच्या टूलला धार लावणारे हिरवे चाक मात्र सिलिकॉन कार्बाइडचे असते. त्याचा क्रोमियमशी संबंध नाही.)

मग लाल की हिरवा, हे ठरवते कोण?

माणिक लाल दिसते, कारण ते पांढऱ्या प्रकाशातले बाकीचे रंग गिळते. कोणते रंग गिळले, हे मोजण्याचे शास्त्र म्हणजे वर्णपटमापन, अर्थात स्पेक्ट्रोस्कोपी. कल्पना साधी आहे. एका बाजूने पांढरा प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पडलेला प्रकाश लोलकाने किंवा सूक्ष्म रेघांच्या जाळीने इंद्रधनुष्यासारखा पसरवायचा. त्या पट्ट्यात जिथे काळोख दिसेल, तो प्रकाश दगडाने ठेवून घेतला.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. जांभळा ४०० च्या बाजूला, लाल ७०० च्या. माणकाच्या वर्णपटात दोन रुंद काळे पट्टे दिसतात. एक जांभळ्या भागात ४१० नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा हिरव्या-पिवळ्या भागात ५५५ च्या आसपास. या दोन पट्ट्यांच्या मधून थोडा निळा निसटतो आणि ६०० च्या पुढचा लाल जवळजवळ संपूर्ण बाहेर येतो. उत्तम माणकाच्या लालीत किंचित निळसर झाक असते, ती त्या निसटलेल्या निळ्याची.

पाचूतही हेच दोन पट्टे असतात, पण दोन्ही लालाच्या दिशेने सरकलेले. दुसरा पट्टा ६१० च्या आसपास जातो. त्यामुळे लाल अडतो आणि ५०० च्या आसपासचा हिरवा मोकळा होतो. पट्टा सुमारे पन्नास नॅनोमीटर सरकला, की लालाचे हिरवे. या दोघांच्या मधोमध बसणारा तिसरा खडाही आहे, अलेक्झांड्राइट. त्याचा पट्टा अशा ठिकाणी आहे, की लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच बाहेर पडतात. म्हणून तो दिवसा हिरवा दिसतो आणि पिवळ्या बल्बखाली तांबडा.

आता पट्टा सरकतो का, हे पाहू. या खड्यांत क्रोमियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन गमावून आयनाच्या रूपात असतो आणि त्याच्या बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन उरलेले असतात. भोवती सहा ऑक्सिजन. ऑक्सिजनचा ऋण प्रभार या तीन इलेक्ट्रॉनांना रेटतो आणि त्यांच्या ऊर्जेचे वेगवेगळे मजले तयार होतात. एका मजल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश आयन गिळतो. माणकात ही ऊर्जा सुमारे २.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर पाचूत सुमारे २.०५. एवढ्याशा फरकाने दोन वेगळी रत्ने झाली.

रेटा माणकात जास्त का? पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर विरार लोकलच्या भाषेत सांगण्याजोगे आहे. कुरुंदात क्रोमियम ॲल्युमिनियमच्या जागेवर बसतो, पण तो ॲल्युमिनियमपेक्षा मोठा. म्हणजे तिघांच्या बाकावरची चौथी सीट. दाटी झाली, दाब वाढला, ऊर्जा वाढली. पाचूत जागा जरा ऐसपैस, म्हणून दाब कमी.

हे उत्तर अनेक वर्षे चालले आणि आजही शिकवले जाते. पण ते अपुरे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात क्ष-किरणांच्या वर्णपटमापनाने क्रोमियम आणि ऑक्सिजनमधले अंतर थेट मोजले गेले, तेव्हा ते माणकात आणि पाचूत जवळपास सारखेच निघाले. म्हणजे क्रोमियम आला, की शेजारचे ऑक्सिजन सरकून त्याला जागा देतात, बाक कोणताही असो. मग फरक कशाचा? सैद्धांतिक गणितांनी दाखवले, की त्या सहा शेजाऱ्यांपलीकडे पसरलेल्या उरलेल्या स्फटिकाचे विद्युतक्षेत्र दोन्ही खड्यांत वेगळे असते आणि रंगातला मुख्य फरक तिथून येतो. म्हणजे फक्त बाकावरच्या शेजाऱ्यांकडे पाहून भागत नाही, सगळा डबा मोजावा लागतो. इतक्या जुन्या रत्नाच्या रंगाचे हे कोडे आपल्या हयातीत नीट सुटले, ही गोष्ट मला माणकाच्या किमतीपेक्षाही नवलाची वाटते.

पॉलिशच्या हिरव्या वडीचा उलगडाही याच चौकटीत होतो. कुरुंदात क्रोमियम थोडे असेल तर गुलाबी, टक्का-दोन टक्के झाले की गडद लाल. ते वाढवत नेले तर रंग करडा होतो आणि शेवटी हिरवा. निव्वळ क्रोमियम ऑक्साइडमध्ये अणूंमधली अंतरे वाढलेली असतात, रेटा घटतो आणि पट्टा लालाकडे सरकतो.

माणिक 'पेटते' ते का?

माणकाला दुसरा रंगही आहे आणि तो गाळून आलेला नाही, त्याने स्वतः तयार केलेला आहे. गिळलेल्या हिरव्या-जांभळ्या प्रकाशाची ऊर्जा क्रोमियम थोडी उष्णतेत घालवतो आणि उरलेली लाल प्रकाश म्हणून परत देतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. हा लाल प्रकाश ६९२.८ आणि ६९४.३ नॅनोमीटर अशा दोन अगदी बारीक रेषांत एकवटलेला असतो. १९ व्या शतकात फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी ही चमक तपशिलात अभ्यासली. किरणोत्सर्ग शोधणारे हेन्री बेकरेल हे त्यांचेच चिरंजीव.

म्यानमारच्या मोगोकमधले माणिक उन्हात निखाऱ्यासारखे दिसते, त्यात या चमकेचा वाटा मोठा आहे. ते माणिक संगमरवरात तयार झाले आणि त्यात लोह फार कमी. थायलंड-कंबोडियाच्या बाजूचे बरेच माणिक लोहयुक्त असते. लोह ही चमक विझवते, म्हणून तो खडा गडद आणि काहीसा थंड दिसतो. दोन्हींत क्रोमियम असूनही बाजारभावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामागे हे एक कारण.

याच ६९४.३ च्या रेषेने पुढे इतिहास घडवला. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी जगातला पहिला लेझर चालवला, तो कृत्रिम गुलाबी माणकाच्या बोटाएवढ्या कांडीवर. तिच्यात क्रोमियम ऑक्साइड होते जेमतेम ०.०५ टक्के. आज वसई पूर्वेला 'लेझर कटिंग' असे फलक जागोजागी दिसतात. आत चालणारी यंत्रे फायबर लेझरची असतात, माणकाची नाहीत. पण त्यांचा मूळपुरुष तोच.

त्या रेषेचा आणखी एक उपयोग मुंबईतच होतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पदार्थांवर प्रचंड दाब देऊन त्यांचा अभ्यास केला जातो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना चिरडला जात असताना आतला दाब मोजायचा कसा? अशा प्रयोगांत नमुन्याशेजारी माणकाचा सूक्ष्म कण ठेवण्याची जगभर रूढ पद्धत आहे. दाब वाढला, की ही लाल रेषा सरकते, दर गिगापास्कलला सुमारे ०.३६५ नॅनोमीटर. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दहा हजार पट. रेषा कुठे गेली ते पाहायचे आणि दाब वाचायचा.

टॉर्चची परीक्षा कितपत खरी?

आता ग्राहकाच्या प्रश्नाकडे. रवीचे रत्न म्हणून माणिक घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याचा ग्रहांशी संबंध आहे की नाही, हे स्पेक्ट्रोस्कोप सांगत नाही. मात्र ज्या खड्यासाठी पैसे मोजले, तो कोणता आहे, हे सांगण्याचे काम त्याचे आहे.

नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली खडा लाल चमकला, म्हणजे तो अस्सल, असे बेधडक सांगितले जाते. हे चूक आहे आणि महागात पडणारे आहे. ती चमक फक्त एवढेच सांगते, की आत क्रोमियम आहे आणि लोह फार नाही. भट्टीत बनवलेल्या कृत्रिम माणकात लोह जवळजवळ नसते. त्यामुळे ते नैसर्गिक खड्यापेक्षा अनेकदा जास्तच झगमगते! टॉर्चच्या परीक्षेत पहिला नंबर बहुधा नकलेचाच येईल. शिवाय लाल स्पिनेलही चमकते. साधी लाल काच सहसा चमकत नाही, एवढाच काय तो या परीक्षेचा उपयोग.

'आजीच्या नथीतले आहे, म्हणजे खरेच असणार' हा दुसरा समज. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नोय यांनी ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि १९०७ मध्ये अशा रत्नांचे वार्षिक उत्पादन सुमारे १००० किलोवर गेले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या दागिन्यातही भट्टीचे माणिक असू शकते. एचएमटीच्या जनता घड्याळावर '१७ ज्वेल्स' लिहिलेले अनेकांना आठवत असेल. ते ज्वेल्स म्हणजे आत बेअरिंग म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे चिमुकले तुकडे. बेअरिंगला लाल रंगाची काही गरज नसते, लागतो तो कुरुंदाचा टणकपणा.

फसगत सामान्यांचीच झाली असेही नाही. ब्रिटिश राजमुकुटातले 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' आणि जहांगीर, शाहजहान यांची नावे कोरलेले 'तैमूरचे माणिक' ही दोन्ही प्रत्यक्षात स्पिनेल आहेत. स्पिनेलमध्ये ॲल्युमिनियमच्या जोडीला मॅग्नेशियम असते, लाली मात्र क्रोमियमचीच. डोळा फसतो, वर्णपट फसत नाही. हाताच्या बोटाएवढ्या स्पेक्ट्रोस्कोपमधूनही माणकाच्या लाल भागातली ६९४ ची जोडरेषा आणि निळ्या भागातल्या ४६८ व ४७६ च्या आसपासच्या बारीक रेषा सरावलेल्या माणसाला ओळखू येतात. स्पिनेलला त्या निळ्या रेषा नसतात. लाल गार्नेटमध्ये बहुतेक वेळा लोहाचे पट्टे दिसतात, काचेत यातले काहीच नाही.

पण नैसर्गिक माणिक आणि कृत्रिम माणिक यांच्यात निवाडा करताना हा छोटा स्पेक्ट्रोस्कोप थांबतो. दोघांतही तेच कुरुंद, तेच क्रोमियम, त्याच रेषा. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो. ज्योतीत बनवलेल्या खड्यात वाढीच्या वक्र रेघा आणि हवेचे बुडबुडे दिसतात. निसर्गातल्या खड्यात रूटाइलच्या रेशमासारख्या सुया किंवा इतर खनिजांचे कण अडकलेले असतात. मोठ्या प्रयोगशाळा त्यापुढे क्ष-किरणांनी किंवा लेझरने सूक्ष्म घटक मोजतात. गॅलियमसारखी मूलद्रव्ये निसर्ग नकळत मिसळतो, व्हर्नोयच्या भट्टीतल्या शुद्ध भुकटीत ती सहसा नसतात. आत अडकलेला कण नेमका कोणता, हे खडा न फोडता सांगायला रामन वर्णपटमापन वापरतात. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधावर चालणारे हे यंत्र आज रत्न प्रयोगशाळांचे रोजचे हत्यार आहे.

सर्वात मोठा धोका लिंबाचा!

बाजारातली सध्याची खरी डोकेदुखी कृत्रिम माणिक नाही. ती आहे काच भरलेले माणिक. भेगाळलेले, जवळजवळ टाकाऊ कुरुंद घ्यायचे आणि त्याच्या भेगांत शिसेयुक्त काच वितळवून भरायची. खडा एकदम पारदर्शक, लालभडक आणि मोठा दिसू लागतो. २००४ च्या सुमारास हा माल बाजारात ठळकपणे दिसू लागला. तो कुरुंद आहे, क्रोमियमही नैसर्गिक आहे, म्हणून 'नैसर्गिक माणिक' असे सांगून विकणारा तांत्रिकदृष्ट्या धडधडीत खोटे बोलत नाही. पण वजनातला मोठा हिस्सा काचेचा असू शकतो. भिंगाखाली खडा हळूहळू फिरवला, की भेगांवरून निळसर चमक सरकताना दिसते आणि काचेत बुडबुडे दिसतात.

अशी अंगठी घालून स्वयंपाक करणे धोक्याचे. शिशाची काच आम्लाने झिजते, लिंबाच्या रसाचाही तिच्यावर परिणाम होतो. सोनाराने अंगठी मोठी करताना खडा न काढता ज्योत लावली किंवा दागिना आम्लात टाकला, तर भेगा उघड्या पडतात. मग गिऱ्हाईक म्हणते सोनाराने खडा बदलला आणि सोनार म्हणतो खडाच खोटा होता. भांडण दोघांचे, दोष तिसऱ्याचा.

नुसते तापवलेले माणिक ही वेगळी गोष्ट. तापवून रंग आणि स्वच्छता सुधारणे व्यापारात मान्य आहे, फक्त ते सांगून विकले पाहिजे. न तापवलेल्या उत्तम खड्याला कितीतरी जास्त भाव मिळतो. तापवल्याची खूण शोधायला अवरक्त वर्णपटमापन मदत करते, कारण भट्टीतल्या उष्णतेने स्फटिकातल्या हायड्रोजनच्या खुणा बदलतात.

खरेदी करताना काय पाहाल?

सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात, खड्याची नाही. दुकानदाराने दागिन्याबरोबर दिलेले 'सर्टिफिकेट' कोणाचे आहे, ते आधी वाचा. ते दुकानाचेच असेल, तर ते जाहिरातीहून फार वेगळे नाही. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत आणि वसईकराला तिथे खडा नेऊन तपासून घेणे एका दिवसाच्या लोकल प्रवासाचे काम आहे. मोठी रक्कम मोजायची असेल, तर खडा दागिन्यात बसवण्याआधीच तपासा. सुटा खडा चारी बाजूंनी पाहता येतो.

अहवालात 'रुबी' या एका शब्दावर थांबू नका. त्याच्या मागे 'नॅचरल' आहे की 'सिंथेटिक', हे पाहा. उपचारांच्या रकान्यात 'हीटेड' लिहिले असेल तर भाव त्याप्रमाणे हवा. 'लेड ग्लास फिल्ड' किंवा 'कंपोझिट' लिहिले असेल, तर तो खडा माणकाच्या भावाने घेण्यात अर्थ नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून रंग ठरवू नका. फोनच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोर अवरक्त किरण अडवणारी गाळणी असते आणि ती ७०० जवळचा बराच लाल प्रकाशही कापते. माणकाची सगळी चमक नेमकी तिथेच आहे. दुकानातल्या पिवळसर दिव्यांचे उलटे, त्यांच्या प्रकाशात लाल भाग जास्त असल्याने सगळेच माणिक तिथे खुलते. खडा दुकानाच्या दारात आणून दुपारच्या उजेडात पाहावा.

वर्णपट स्वतः पाहायची हौस असेल, तर जुनी सीडी पुरते. तिच्यावर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ रेघा असतात आणि त्या प्रकाश पसरवतात. बुटांच्या खोक्याला एका बाजूला ब्लेडने बारीक फट पाडा, समोर सीडीचा तुकडा तिरका बसवा आणि वरच्या भोकातून पाहा. ट्यूबलाइटचा प्रकाश तुटक रेषांत दिसेल, जुन्या पिवळ्या बल्बचा सलग पट्ट्यात. सूर्याकडे किंवा लेझरच्या झोताकडे मात्र खोके रोखू नका. लाल बांगडीची काच फटीसमोर धरली, तर हिरवा-निळा भाग सरसकट गायब होतो. माणकातून निसटणारा तो चिमूटभर निळा तिथे बहुधा सापडणार नाही.